पत्रा की कापड

“पत्र्याचाच टाका,” वहिनी तिसऱ्यांदा म्हणाल्या. “कापडाचं नाव काढू नका माझ्यापुढं.”

पोरे मिस्त्रींनी मापाची टेप गळ्यात अडकवली आणि माझ्याकडं बघितलं. आम्ही दुकानात आल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. वहिनी काही बोलल्या की ते माझ्याकडं बघायचे, मी काही बोललो की वहिनींकडं. गाडी नक्की कुणाची, हे त्यांना उमगत नव्हतं.

“कापडाचंच बरं, वहिनी,” मी म्हणालो. “आपला रस्ता तुम्हाला माहीत आहे. वर पत्र्याचं वजन आलं की वळणावर गाडी डुलती. शिवाय उन्हाचं आत बसवत नाही.”

“नाही बसवलं तर नाही.”

“पत्रा वाजतो पण फार.”

“वाजू दे.”

सकाळपासून मला काही सुचतच नव्हतं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, कराडात अंगाची लाही होत होती, आणि चाळीस किलोमीटर विनाछपराची जीप हाकून माझं डोकं भणभणत होतं. खांद्याचं हाड जुळून पाच महिने झाले होते, तरी स्टिअरिंग वळवताना आतून कळ यायची. पण थकवा त्याचा नव्हता. रात्री झोपलो तरी सकाळी मी थकलेलाच उठायचो. आठ महिने हेच चाललं होतं.

दुकानासमोर जीप उभी होती. वरचं हूड काढलेलं, नुसत्या लोखंडी कमानी. पाटणच्या गॅरेजवाल्यानं इंजिन नीट केलं होतं, बॉडीचे पोचे ठोकून काढले होते, डाव्या बाजूला नवा रंग मारला होता. तो रंग जुन्याशी जुळत नव्हता, त्यामुळं गाडी कुठल्या अंगावर पडली होती ते कुणालाही दुरून कळत होतं.

गाडी जगूदादाची, वहिनींच्या नवऱ्याची. जगन्नाथ सपकाळ. पाटणपासून वर सडावाडीपर्यंत आणि तिच्या आसपासच्या चार वाड्यांवर एसटी जात नव्हती, तेव्हा दादा वडाप करायचा, माणशी भाडं घेऊन ने-आण. दादानं लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती, चारी चाकांना जोर लागणारी. पावसाळ्यात बैलगाडी रुतायची तिथनं ती निघायची. माणसं, बी-बियाणं, बाळंतिणी, एकदा तर शाळेचं लोखंडी कपाट, सगळं तिनं वर नेलं. मी दादाचा जोडीदार. त्याच्या डाव्या अंगाला बसायचो. माणसं बसवायची, मागचं ओझं बांधायचं, चढाला दगड लावायचा, दादा दमला की गाडी घ्यायची. नऊ वर्षं आम्ही दोघं त्या दोन सीटांवर बसलो.

आदल्या सप्टेंबरात जांभेखिंडीच्या वळणावर गाडी दरीत गेली. पाऊस उघडला होता, दिवस होता, गाडीत आम्ही दोघंच होतो. वरची माणसं सोडून परत येत होतो. रस्त्याची कडाच ढासळली. दादा गेला. मी वाचलो.

एप्रिलमध्ये शालनवहिनी माझ्या दारात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, “गाडी परत रस्त्यावर काढायची आहे, भावजी. पाऊस सुरू व्हायच्या आत. चालवायची तुम्ही.”

मी नाही म्हणणार होतो. वाक्य तोंडात तयार होतं. पण त्यांच्या मागं अंगणात उज्ज्वला उभी होती, दादाची मुलगी, दहा वर्षांची. बापासारखीच डावरी, डाव्या हातानं कुंपणाची काठी हलवत होती. मी “बरं” म्हणालो.

पाटणहून निघताना वहिनी पुढं माझ्या शेजारी बसल्या नाहीत. मागच्या बाकावर बसल्या, पायाशी जुन्या हुडाची घडी घेऊन. मापाला लागेल म्हणून मिस्त्रींनी ते आणायला सांगितलं होतं. कराडपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. वाऱ्यानं बोलताही आलं नसतं.

मिस्त्री साठीचे होते. जाड भिंगांचा चष्मा, बोटांना सोल्युशनचे काळे थर. दुकान म्हणजे पत्र्याची लांबट शेड, मधे शिलाईचं मोठं मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे. जिल्ह्यातल्या अर्ध्या जीपांची हुडं आपण शिवलीत, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, आणि ते खोटं वाटत नव्हतं.

“ताई,” ते वहिनींना म्हणाले, “पत्रा पाहिजे तर पलीकडं वेल्डिंगवाला हाय, त्यो करून देईल. मला काय त्याचं वाईट वाटायचं न्हाई. पण एकदा माल तर बघा.” त्यांनी दोन तुकडे टेबलावर टाकले. “हे रेक्झीन. धुतलं की साफ, पण दोन उन्हाळ्यात घडीवर तडकतं. आन् हे जाड कॅनव्हास, मेण मारलेलं. हे दहा वर्षं कुठं जात न्हाई. हात लावून बघा.”

वहिनींनी हात लावला नाही.

“पाणी झिरपतं यातनं.”

“शिवणीतनं झिरपतं. मी शिवण दुहेरी मारतो, वरनं पट्टी लावतो.”

“नको. पत्राच.”

“वहिनी, ऐका जरा,” मी पुन्हा म्हणालो. “दादानं नऊ वर्षं कापडावरच काढली.”

त्या एकदम माझ्याकडं वळल्या. आठ महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं होतं, गप्प पाहिलं होतं, पण चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“हो ना. कापडावर काढली. आणि काय झालं?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “गेल्या वर्षी पाडव्याला ते म्हणाले होते, यंदा पत्र्याचा टप टाकू. मी म्हणाले, आधी पोरीला सायकल घ्या, शाळा लांब आहे. टप काय, पुढच्या वर्षी होईल. सायकल आली. टप राहिला. पत्रा असता तर त्यांच्या डोक्यावर काहीतरी आडोसा असता, भावजी. कापडात माणूस वाचतोय होय? मी त्या सायकलीकडं बघू शकत नाही. पोरगी ती घेऊन शाळेला निघाली की मी आत जाते.”

मिस्त्री खाली बघून कापडाचे तुकडे सरळ करू लागले. मी दाराकडं बघत होतो. मला तिथनं निघून जावंसं वाटत होतं, आणि जीपपर्यंत चालत जायचंही बळ नव्हतं.

“बरं,” मिस्त्री जरा वेळानं म्हणाले. “पत्रा तर पत्रा. त्या वेल्डिंगवाल्याला मापं लागतील, ती मी काढून देतो. जुनं हूड आना इकडं.”

मीच ते आणलं. घडी जड होती. मिस्त्रींनी शेडच्या फरशीवर ते उलगडलं आणि चारी कोपरे ओढून पसरलं. हिरवा रंग उन्हानं राखाडी झालेला, काठांना चिखल वाळलेला. मधोमध, पुढच्या कमानीच्या मागं, हातभर लांब उघडं तोंड पडलेलं होतं.

मी ते त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघत होतो. लोकांनी गाडी वर ओढली, हूड सोडवून वहिनींच्या गोठ्यात टाकलं, आणि तिथं ते आठ महिने पडून होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

मिस्त्री मापं घेत घेत गुडघ्यांवर पुढं सरकले आणि त्या तोंडापाशी थांबले. चष्मा कपाळावर चढवला. दोन बोटांनी कड उचलली, उलटी केली, पुन्हा सरळ केली.

“हे कशानं झालं म्हनालात?”

“गाडी पलटी झाली ना,” वहिनी म्हणाल्या. “त्यात फाटलं.”

“हे फाटलेलं न्हाई, ताई.”

मी म्हणालो, “मिस्त्री, मापं घ्या ना. उशीर होतोय.”

पण मिस्त्री आपल्या कामाच्या नादात होते. त्यांना माझा सूर कळला नाही. चाळीस वर्षं कापडाशी घालवलेला माणूस, त्याला समोरचं दिसत होतं तेवढंच तो बोलत होता.

“कॅनव्हास फाटलं की धाग्याच्या रेघेनं फाटतं. सरळ. कडेला दोरे लोंबतात. हे बघा, हे तिरपं गेलंय, धागे तोडत. हे कापलंय. चाकूनं. इथं आधी टोक खुपसलं,” त्यांनी बोट ठेवलं, “आन् मग हिसके देत देत खाली आनलं. आतनं कापलंय. आतल्या अंगाची मेणाची साय बघा कशी बाहेर ओढली गेली.”

वहिनी पुढं आल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि मिस्त्रींच्या शेजारी फरशीवर बसल्या.

“आतनं?”

“आतनंच. ड्रायव्हरच्या डोक्यापाशी सुरू झालंय आन् शेजारच्या सीटकडं गेलंय. ज्यानं कापलं त्यो ड्रायव्हरच्या जागेवर हुता.” मिस्त्रींनी हवेत हात फिरवून बघितला, एकदा उजवा, मग डावा. “आन् डावरा असनार. उजव्या हाताला हितनं असा काप जमायचा न्हाई.”

शेडमध्ये पंखा फिरत होता, त्याचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

वहिनींनी त्या कापाच्या वरच्या टोकावर तळहात ठेवला. मग हात हळूहळू खाली आणला, पार शेवटपर्यंत. माझ्याकडं बघितलं नाही.

“मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “जरा पाणी मिळेल का?”

मिस्त्रींच्या तेव्हा लक्षात आलं. ते आमच्या दोघांच्या चेहऱ्याकडं बघत उठले. “कळशी रिकामी हाय. आनतो भरून,” म्हणाले आणि बाहेर पडले. कळशी भरलेली होती. ती दारातच होती.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत, जागीच गेले.”

“हो.”

“पोलिसांना तेच सांगितलंत. सासूबाईंना तेच. मला म्हणालात, काही कळायच्या आत गेले, त्रास झाला नाही. आठ महिने मी हेच सगळ्यांना सांगतेय. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला. त्रास झाला नाही म्हणून.”

“वहिनी—”

“बसा खाली.”

मी बसलो. आमच्या दोघांच्या मधे ते हूड पसरलेलं होतं.

“किती वेळ होते?”

मला वाटलं होतं, हा प्रश्न कधीतरी येईल तेव्हा मी काहीतरी जुळवून सांगेन. मनात कितीदा जुळवलंही होतं. पण तिथं, त्या उकाड्यात, माझ्याकडनं ते होईना. आठ महिने ओझं धरून धरून हात बधिर झाले होते.

“तास झाला असेल,” मी म्हणालो. “सव्वा तास.”

त्यांनी डोळे मिटले. “सांगा.”

मी सांगितलं. मधे थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून फरशीकडं बघत सलग सांगितलं.

गाडी दोन कोलांट्या खाऊन डाव्या अंगावर पडली आणि एका जांभळीच्या खोडाला अडकली. मी खाली, दादा माझ्या वर. माझ्या बाजूचं दार जमिनीत रुतलेलं. पुढची काच दबून बंद, मागं बाक चेपून वाट अडलेली. दादाचे पाय पेडलांत अडकलेले, स्टिअरिंग पोटावर. तो हलू शकत नव्हता, आणि त्याला ओलांडून मला वर जाता येत नव्हतं. बाहेर पडायला एकच वाट होती, वरचं कापड. ते आता भिंतीसारखं आमच्या समोर उभं होतं. दादाचा उजवा हात स्टिअरिंगमागं अडकला होता. त्यानं डाव्या हातानं खिशातला चाकू काढला, दातांनी उघडला आणि कापड कापलं. मला म्हणाला, “हणम्या, नीघ.”

“तुमचा खांदा तेव्हाच मोडला होता?”

“हो. मी कसाबसा बाहेर पडलो. मी बाहेर पडलो तशी गाडी हलली. झाडाचं मूळ करकरलं. मी घाबरून वर चढत सुटलो, पार रस्त्यापर्यंत. रस्त्याला लागलो आणि बसलो.”

“मग?”

“मग कुणी आलं नाही. वस्ती चार किलोमीटर लांब. मी म्हटलं कुणीतरी येईल. पावणेपाचला दुधाचा टेम्पो यायचा, त्याची वाट बघत बसलो.”

“आणि ते?”

“ते खालनं हाका मारत होते.”

वहिनींचा हात अजून कापडावर होता. बोटं आवळली गेली.

“पाणी मागत होते. पाण्याचा डबा गाडीतनं बाहेर उडाला होता, वहिनी. माझ्या खाली दहा-पंधरा हातांवर करवंदीच्या जाळीत अडकला होता. भरलेला. मला दिसत होता. तो घेऊन खाली गेलो असतो तर... मी गेलो नाही. खांदा मोडला होता म्हणून नाही. एका हातानं नेता आला असता. मला वाटलं मी खाली गेलो आणि गाडी सुटली तर मीही जाईन. मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा बसलो. ते म्हणायचे, हणम्या, आहेस का रे. मी ‘आहे, आहे’ म्हणायचो. वरनंच. टेम्पो यायच्या आधी थोडा वेळ हाका थांबल्या.”

बाहेर कुणीतरी लोखंड कापत होतं.

“टेम्पोवाले खाली उतरले तेव्हा संपलेलं होतं,” मी म्हणालो. “त्यांनी मला विचारलं, कधी गेला? माझ्या तोंडातनं निघालं, जागीच. एकदा निघालं ते निघालं.”

मला वाटलं, त्या आता उठून मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

“हाका मारत होते म्हणालात. अजून काय बोलत होते?”

“बॅटरीची तार काढ म्हणाले. पेट घेईल म्हणून. मला शिव्या दिल्या दोन-चार. पाय गार पडले म्हणाले.”

“माझं नाव घेतलं?”

मी वर बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या, आणि मी त्यांच्या लग्नापासून ओळखत असलेल्या त्या बाईचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता. एक शब्द पुरला असता. हो. घेतलं. शालन म्हणाले, उज्ज्वला म्हणाले. कुणाला कळणार होतं? तिथं मी एकटाच होतो. या खोट्यानं कुणाचं वाईट होणार नव्हतं, उलट एका बाईला जन्मभर पुरलं असतं. शब्द माझ्या ओठांवर आला होता. आजही कधी कधी वाटतं, म्हणायला पाहिजे होता.

“नाही,” मी म्हणालो.

“पोरीचं?”

“नाही. पाणीच मागत होते शेवटपर्यंत.”

त्यांनी पदरानं चेहरा पुसला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, उन्हातनं आलेलं माणूस पुसतं तसा.

“हो म्हणाला असतात,” त्या म्हणाल्या, “तर मी आधीचंही खरं मानलं नसतं.”

त्यांनी कापाची कड दोन बोटांत धरली, मघाशी मिस्त्रींनी धरली होती तशी.

“म्हणजे पत्रा असता तर...”

“तर चाकू चालला नसता, वहिनी. मीही आतच राहिलो असतो. आणि दादाला त्यानं काही फरक पडला नसता. त्याला डोक्याला लागलंच नव्हतं. जे झालं ते पायाशी आणि पोटाशी झालं. टप कसलाही असता तरी तेच झालं असतं.”

“सायकल घेतली नसती तरी?”

“तरी.”

त्या वेळी त्या रडल्या. मोठ्यानं नाही. फरशीवर बसून, मान खाली घालून, खांदे हलत होते. मी तिथंच बसून राहिलो. जवळ जाऊन धीर द्यावा असा अधिकार माझ्याकडं उरला नव्हता, आणि उठून जायचा तर अजिबातच नव्हता.

मिस्त्री बऱ्याच वेळानं आले. हातात रिकामाच तांब्या होता. वहिनी उठल्या, दारातल्या कळशीतलं पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि टेबलापाशी गेल्या. जाड कॅनव्हासचा तुकडा उचलला. उलटासुलटा केला, नखानं खरवडून पाहिला, दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

“हे चाकूनं कापलं जाईल?”

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं बघितलं. “जाईल. जोर लागंल जरा. पन जाईल.”

“चाकू नसला जवळ तर?”

“मग अवघड हाय.”

“आतनं उघडता येईल असं काही करता येतं का?”

मिस्त्रींनी चष्मा खाली ओढला. असं कुणी त्यांना आजवर विचारलं नसावं. त्यांनी हूड पायानं जरा सरकवलं, वाकून बघितलं, बोटानं हवेत चौकोन काढला. “दोन्ही सीटांच्या वर झाप ठेवता येईल. आतनं पट्टे. ओढले की सुटलं. पन ताई, तिथनं पाणी येनार. मोठ्या पावसात डोक्यावर ठिबकनार. मग पोरे मिस्त्रीनं हूड बिघडवलं म्हनू नका.”

“नाही म्हणणार,” वहिनी म्हणाल्या. “तसंच करा. मागच्या बाकांच्या वरही ठेवा.”

“रंग?”

“कुठलाही.”

“असं कसं कुठलाही? हिरवा हाय, खाकी हाय, काळा हाय.”

“खाकी,” त्या म्हणाल्या. मला वाटतं, तो पहिला हाताला लागला म्हणून.

मिस्त्रींनी चार दिवसांचा वायदा केला. जीप त्यांच्याकडंच सोडून आम्ही निघालो. जुन्या हुडाचं काय करू, असं त्यांनी मागनं विचारलं. मला वाटलं वहिनी ते परत मागतील. त्या म्हणाल्या, “ठिगळांना वापरा.”

बसस्थानकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांचं चालणं होतं. वहिनी पुढं, मी दोन पावलं मागं. दुपारचे दोन वाजून गेले होते, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अर्ध्या वाटेवर मी म्हणालो, “वहिनी, ड्रायव्हर दुसरा बघा. ढेबेवाडीत एक-दोघं आहेत ओळखीचे. मी बोलतो त्यांच्याशी.”

त्या थांबल्या नाहीत. चालता चालताच बोलल्या.

“तुम्ही परत गेलात त्या वळणावर? नंतर?”

“नाही.”

“भीती वाटते?”

“वाटते.”

“मग तुम्हीच चालवा. तिथनं जाताना ज्याला भीती वाटत नाही, असा माणूस मला गाडीवर नको.”

“पण मी तुम्हाला नजरेसमोर...”

“ते माझं मी बघीन,” त्या म्हणाल्या. “आज नाही जमायचं. उद्याही नाही. गाडी तुमच्या दारात लावायची, माझ्या नाही. माझ्याकडं काही काम असलं तर उज्ज्वला येईल सांगायला. आणि सासूबाईंना यातलं काही सांगू नका. त्यांचं वय झालंय.”

पुढं बारा वर्षं मी ती गाडी चालवली. वर डांबरी रस्ता झाला आणि एसटी सुरू झाली तोवर. त्या बारा वर्षांत वहिनी कधी त्या जीपमध्ये बसल्या नाहीत. जाताना-येताना दारात दिसायच्या, मी मान हलवायचो, कधी त्याही हलवायच्या. मोठ्या पावसात माझ्या डोक्यावर टपटप पाणी पडायचं. माणसं विचारायची, एवढं नवं हूड आणि गळतं कसं? मी म्हणायचो, केलेलंच तसं आहे. ते झाप उघडायची वेळ एकदाही आली नाही.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. बसस्थानकात पाटणची गाडी लागलेली होती. गर्दी नव्हती. मागच्या दोन-तीन बाकांवर माणसं होती, पुढं सगळं रिकामं. मी तिकिटाचे पैसे काढायला खिशात हात घातला. वहिनी पायरीवर चढल्या, दांडी धरली आणि वळून माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाज नीट होता. बरोबरच्या माणसाला एखादी साधी गोष्ट सांगावी तसा.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही मागच्या गाडीनं या.”

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी फाटकातनं वळून रस्त्याला लागली. मी चौकशीच्या खिडकीत जाऊन विचारलं. पाटणची पुढची गाडी पाऊण तासानं होती. मी बाकावर बसलो आणि थांबलो.